भंडाऱ्याने माखलेला करार

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. बोलायला उभी राहिले खरी, पण समोर व्याह्यांचा फोटो आहे. आता कुठूनतरी आवाज येईल, "आवं विहीणबाई, आवरा थोडक्यात," असं सारखं वाटतंय. आज तो यायचा नाही. तरी मी थोडक्यातच बोलते.

कोरेगावात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत ते कधी शिकवायला नव्हते; मुलींना कबड्डी शिकवायचे. ते जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या मेंढपाळ घरातले, मी सांगलीची, कॉन्व्हेंटात शिकलेली. माझी लेक त्यांची सून झाली आणि आम्हाला भांडायला हक्काचं माणूस मिळालं. त्यात सर्वांत मोठं भांडण झालं आमच्या नातीवरून. सईवरून.

सई सतराची होती. एका मोठ्या संघाचे व्यवस्थापक पाच वर्षांचा करार घेऊन घरी आले. मी म्हटलं, "मास्तर, इतक्या कोवळ्या वयात पाच वर्षं? उद्या ती आणखी चांगली खेळली तर? त्यांना स्वस्तात मिळेल, आणि हिला हलता येणार नाही."

"आन् न्हाई खेळली तर? माझा गुडघा गेला तवा संघानं चहालासुदिक विचारलं न्हाई. वर्साच्या बोलीवर हुतो मी."

"तुम्ही सारखा पडण्याचाच विचार करता."

"तुमी कवा पडला न्हाई, म्हनून."

सई म्हणाली, "तुम्ही दोघं भांडत बसा. मला खेळायचंय." आणि ठरलं. तिच्या बाबांनी सही केली.

मग मास्तरांनी काय केलं? त्यांच्या घरी कुठलंही चांगलं काम झालं की भंडारा उधळतात. हळद मीच सांगलीहून आणलेली. त्यांनी मूठभर उधळली, आणि शाई ओली असतानाच करारावर तळहातानं चोळली! सही पुसली, पानं पिवळी झाली, व्यवस्थापकांचा पांढरा शर्टही पिवळा झाला. मास्तर खूश. "आता लय पक्कं झालं."

"मास्तर, आता नवीन प्रत आणावी लागेल," व्यवस्थापक शर्ट झटकत म्हणाले.

नवीन प्रत यायला आठवडा लागला. तेवढ्यात मी ती पिवळी इंग्रजी पानं चष्मा लावून वाचली. खेळाडू जायबंदी झाल्यास संघ करार मोडू शकेल, असं एक वाक्य त्यात होतं. म्हणजे मास्तरांना ज्याची भीती होती, तेच. मी व्यवस्थापकांना फोन केला. ते वाक्य काढा, उपचार संघानं करावेत असं लिहा, नाहीतर सही नाही. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मान्य केलं.

मास्तर म्हणाले, "बघा, भंडाऱ्यानं केलं." मी म्हटलं, "इंग्रजीनं केलं." हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

दुसऱ्याच वर्षी सईचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, एक अख्खा हंगाम ती बाहेर बसली. संघानं सोडलं नाही. तरी मास्तरांना झोप नव्हती. मला विचारायचे, "पोरगी परत उभी ऱ्हाईल न्हवं? का मी उगंच बांधून घातली तिला?" मुलांना इतक्या लवकर करारात बांधावं का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण बांधायचंच असेल, तर त्या कागदात ती पडेल त्या दिवसाचीही सोय हवी. एवढं मात्र मला कळलं.

गेल्या महिन्यात सांगलीत सई परत मैदानात उतरली. आधी वाकून तिनं रेषेला हात लावला, मग चढाईला गेली, आणि गडी मारून परत आली. मास्तर माझ्या शेजारी होते. टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसता मोठा श्वास सोडला.

"विहीणबाई, कराराची किती वर्सं ऱ्हायली?"

"दोन."

"बास हाय की."

कित्येक महिन्यांनी त्या रात्री ते गाढ झोपले, असं माझी लेक सांगते. मंडळी, म्हणून आज मला रडू कमी येतंय आणि सुटल्यासारखं जास्त वाटतंय. ज्याची भीती होती ते घडून गेलं, पोरगी उभी राहिली, आणि हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

आता आपण उभे राहूया. घड्याळ नको. मास्तर मुलींना शिकवायचे तसा एकच दम घेऊया आणि तो टिकेल तेवढा वेळ गप्प राहूया. सई, तू दम सगळ्यात शेवटी सोड.