घासलेल्या कडा

सुएझला पावाच्या रांगेत माझ्यापुढे तेल कारखान्यातली दोन माणसं उभी होती. म्हातारा मिस्त्री मेतवल्ली आणि तरुण इंजिनिअर रबाब.

“तोंड का पाडलंयस, पोरी?”

“नवा कूलर तेल थंड करत नाही, काका. मी बॅफल प्लेटा चुकीच्या आखल्या म्हणे. उद्याच्या बैठकीत माझं काम काढून घेणार आहेत.”

“काहीतरीच! प्लेटांचे अडसर घालून तेलाला गार पाण्याच्या नळ्यांवरून नागमोडी फिरवायचं, एवढंच तर असतं. तुझी आखणी चोख होती. चाळीस वर्षं हेच बघतोय मी.”

“मग थंड का होत नाही?”

“ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं. मी तर प्लेटांसकट नळ्यांचा अख्खा जुडगा दुपारच्या नमाजाआधी टाकीत बसवला. दुसऱ्यांना दोन दिवस लागतात!”

“इतक्या लवकर कसा बसला?”

“हात लागतो त्याला. प्लेटांच्या कडा जरा घासून घेतल्या. लोण्यासारखा आत गेला.”

“किती घासल्या?”

“नखभर.”

“सगळ्या प्लेटांच्या?”

“अर्धवट काम मी करतो का?”

“काका, कडेनं सरळ निसटायला फट मिळाल्यावर तेल नळ्यांवरून वळसे कशाला घेईल?”

म्हाताऱ्यानं आपल्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं. रांग चार पावलं पुढे सरकली.

“बैठक किती वाजता?”

“नऊला.”

“मी येतो. काय केलं ते माझ्या तोंडानं सांगतो.”

“तुमचं नाव खराब होईल, काका.”

“एवढ्यानं होत नाही. नव्या प्लेटा मीच कापीन. तू माप घेऊन शेजारी उभी राहा, आणि मी घाई करायला लागलो की ओरड माझ्यावर.”