मांगच्या सीटवरची झोप

माहा जलम दर्यापूरचा, अन् ईस सालाचा होतो तवापासून दर्यापूर-अकोला काळीपिवळी चालोली, तं काय सांगू तुमाले, कोन कुठं बसलं, कोन कुठं उतरते, सारं डोकशात, कोनाले इचारा लागे नाही. झोपेसंग मातर माही दुश्मनी. सोबतचा एक डायवर डुलकी लागून बाभयीवर गेला, वाचला बिचारा, पन तवापासून गाडी हालली का माहे डोये टक्क.

मंग दोन सालामांगं घरीबी झोप येईना. अन् झोप गेली तशी यादबी जाऊन राहिली. एक दिवस चहाच्या ठेल्यावर गाडी थांबोली, एक बुढी पाय मोकये कराले उतरली, अन् मी तिले तथीच सोडून निंघालो, तिची पिशी गाडीत! वापस गेलो तं बुढी दगडावर बसून शेंगा खाऊन राहिली, म्हने का रे मेल्या, पिशीले नेतं अन् मले सोडतं? लोकं हासले, पन माह्या मनात आलं, लहान लेकरू असतं तं? त्याच दिवशी चाबी खुटीले टांगली. अन् घरी काय करा, बाप्पा, बायकोच्या सैपाकात खोट काढा!

माही पोट्टी सुनीता मले अमरावतीले घिऊन गेली. डॉक्टरीनबाई म्हने, झोप पुरी होत नाही म्हून याद राहत नाही, डोक्याले शांत व्हाची एक शिकवनी देऊन पाहू, लागू पडली तं पडली. डोक्याले वायरी चिकटोल्या, समोर टीव्हीवर एक लाल गाडी. म्हने काका, मन शांत झालं का मशीनले समजते, गाडी आपोआप चालते, तुमी काहीच करू नका. आता सांगा, डायवरले म्हनते काहीच करू नका! गाडी जराशी हालली का माहे डोये टक्क, पाय धाडकन फरशीवर, जसा तथी ब्रेकच हाय, का गाडी बंद. चार डाव तेच. बाई म्हने काका, पाय कावून आपटता?

सुनीताच्या ध्यानात आलं. तिच्यापाशी लायसन होतं, पन म्या कधी तिले स्टेरिंगले हात लावू देल्ला नाही. तिनं खुर्ची माह्या म्होरं सरकोली, म्हने बाबा, गाडी मी चालवून राहिली, तुमी मांगच्या सीटवर बसा. मले हासू आलं. अन् भाऊ, लाल गाडी जे निंघाली, थांबेचना!

लय डाव गेलो मंग. आता घरी झोप लागते. मशीनचा गुन का काय, बाईबी पक्कं सांगत नाही. नावं याद येतात, चष्मा इसरतो, तेवढं चालते. काळीपिवळी सुनीताले देल्ली. लोकं म्हनत, पोट्टी चालोते का, उतरू का? मी म्हनो उतरा ना, दुसरी गाडी दोन घंट्यानं. कोनी उतरे नाही.

परवा मीच मांगं बसलो. दर्यापूर सुटलं, अन् मंग एकदम खांद्यावर हात, बाबा उठा, अकोला आलं. चाळीस साल त्या रस्त्यावर काढले, पन अकोला आलं हे मले दुसऱ्या कोनी सांगाची ही पयलीच येळ. डोयाले पानी आलं माह्या. लय जगो माही पोट्टी.