खंडेनवमीचं वेल्डिंग

(रेगेन्सबर्गजवळच्या एका शाळेचं तळघरातलं वेल्डिंग वर्कशॉप. शनिवारची सकाळ.)

प्रद्युम्न : ...तर तू निर्धास्त राहा, कुमुद. माझ्या वर्गातल्या पोरांनी मारलेल्या जोडात मुंगीला शिरता यायचं नाही. येऊ दे तो कॉलेजचा, होखशूलचा परीक्षक. म्हणावं, उचल कुठलाही तुकडा आणि वाकव. मोडला तर मिशी उतरवीन.

कुमुदिनी : अहो, मग हे काय? याला तर डोळे आहेत.

प्रद्युम्न : डोळे? आण इकडे.

अन्वी : दोन डोळे आणि एक तोंड. आत्ता मी जोडावरची जळकी मळी झाडली, तर आतून हे निघालं. बाबा, हा तुझा उस्ताद, माइस्टर क्राइटमायर आहे. गेनाऊ, अगदी तोच. असाच ओरडायचा.

प्रद्युम्न : गप गं. छिद्रं आहेत ती. दुसरा तुकडा घे.

अन्वी : सगळे झाडले मी. सगळ्यांना भोकं आहेत. लुकासच्या जोडाला तर दात पण आहेत.

कुमुदिनी : अगंबाई! म्हणजे तुमचे पॉइंट?

अन्वी : गेले. आख्ख्या वर्गाचे.

कुमुदिनी : असे कसे जातील? शाळेत असतानाच कॉलेजचे पॉइंट मिळणार, असं मी ठाण्यापर्यंत कळवून बसलेय! मुक्तावहिनींना तर दोनदा.

प्रद्युम्न : कुमुद, तुझ्या वहिनी राहू देत. परीक्षक एक तुकडा वाकवणार. टिकला तर सगळ्या पोरांना पॉइंट, मोडला तर वर्गच बंद. पण झालं कसं हे? मशीन तेच, रॉड तेच...

अन्वी : आणि माइस्टर पण तोच. मशीन त्याचं आहे, बाबा. मार्चमध्ये मेला, पण गेला कुठे? रोज त्या कोपऱ्यातून तपकिरीचा वास येतो.

प्रद्युम्न : इकडे बायर्नमध्ये कोणीही ओढतं तपकीर.

अन्वी : आमच्या वर्गात कोणीच नाही ओढत. आणि कोणी चुकलं की टेबलावर टक टक होतं. तू पण ऐकलंस. तू तर म्हणालास, 'एन्टशुल्डिगुंग, हेर क्राइटमायर.'

कुमुदिनी : माफी मागितलीत? भुताची?

प्रद्युम्न : सवयीने गेलं तोंडातून. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. हेल्मेट काढल्याशिवाय कधी बोलायचे नाहीत माझ्याशी, आणि हेल्मेट काही काढायचे नाहीत.

अन्वी : आणि ते रक्त?

कुमुदिनी : कसलं रक्त?

अन्वी : मशीनवर. काल सकाळी. बोटाने ओढल्यासारखं, लाल. लुकास बघून पांढरा पडला.

कुमुदिनी : तो पांढराच आहे.

अन्वी : आणखी पांढरा. झोफीने तर मेणबत्ती लावली माइस्टरसाठी, आणि मग कोणाचाच हात स्थिर नव्हता.

कुमुदिनी : अहो, मी काय म्हणते...

प्रद्युम्न : तू काही म्हणू नकोस.

अन्वी : आई? काय झालं?

कुमुदिनी : कुंकू आहे गं ते. परवा खंडेनवमी होती. हे घरी आले की बसल्या बसल्या दचकायचे. मी कुकरची शिट्टी काढली तरी उठून उभे. म्हटलं, ज्यांचं मशीन त्यांनाही बरं वाटेल, हत्यारांची पूजा करून टाकू. किल्ली तर यांच्याकडेच होती.

अन्वी : जर्मन भुताला कुंकू?

कुमुदिनी : भुताला नाही, मशीनला. हळद, कुंकू, अक्षता. झेंडू मिळाला नाही म्हणून सूर्यफूल वाहिलं. आणि नारळ फोडला.

प्रद्युम्न : कुठे फोडलास?

कुमुदिनी : तुम्ही बाहेर जिन्यात पहारा देत होतात ना, तो हाउसमाइस्टर, शाळेचा रखवालदार, येईल म्हणून? तेव्हा. ह्या डब्यावर. चांगला दणकट आहे.

प्रद्युम्न : कुमुद, तो रॉडचा डबा आहे.

कुमुदिनी : मग ते हत्यारच की! झाकण उघडून नारळाचं पाणी आत शिंपडलं थोडं. म्हटलं, त्यांनाही मिळू दे.

प्रद्युम्न : अगं, ते रॉड ठणठणीत कोरडे लागतात! जरा ओल लागली की जोडात बुडबुडे. म्हणून तर डबा सतत गरम ठेवतो मी.

कुमुदिनी : गरम होता खरा. मीच बटण बंद केलं. हाताला चटके बसत होते.

अन्वी : आल्झो, म्हणजे भूत नाही. आई.

प्रद्युम्न : वरच्या कपाटात सीलबंद पाकीट आहे, काढ ते. अन्वी, तूच मार जोड. विद्यार्थ्याचाच हात पाहिजे, माझा चालायचा नाही.

अन्वी : माझा जोड नेहमी वाकडा जातो, बाबा.

प्रद्युम्न : जाऊ दे वाकडा. मी इथे दारात थांबतो, कोणी आलं तर अडवतो. कुमुद, तू भिंतीकडे तोंड कर. उजेडाकडे बघायचं नाही.

कुमुदिनी : केलं. पण अहो, वास येतोय.

प्रद्युम्न : खोबऱ्याचा असेल.

कुमुदिनी : नाही हो. तपकिरीचा. दत्तात्रयकाका ओढायचे आमचे, मला कळतो.

प्रद्युम्न : बोलू नकोस, तिने सुरू केलंय. काय चाललाय हात पोरीचा! बघ, बघ... बघू नकोस!

अन्वी : झालं. थँक्स, बाबा.

प्रद्युम्न : कशाबद्दल?

अन्वी : कोपर धरलंस ना माझं. शेवटपर्यंत. हात किती गार आहे तुझा.

प्रद्युम्न : अन्वी, मी दारात आहे.

अन्वी : आई?

कुमुदिनी : मी भिंतीकडे आहे. आणि इथेच बरी आहे.

प्रद्युम्न : झाड ती मळी. हळू. ...एक भोक नाही गं. शिवण घातल्यासारखा जोड आहे. असा मला सुद्धा येत नाही.

कुमुदिनी : अहो, जिन्यात बूट वाजतायत. आले वाटतं परीक्षक. जर्मन बूट आहेत.

प्रद्युम्न : आण अन्वी, तुकडा आण. पटकन. चिमट्याने उचल.

अन्वी : चिमट्यानेच ओढतेय.

प्रद्युम्न : मग?

अन्वी : टेबलाला वेल्ड झालाय.