बायरम फुललं

सून : फ्रिज सरकवला, माळा उपसला, मेलेला उंदीर कुठेच नाही. वास गॅलरीतून येतोय, बाबा. वॉशिंग मशीनमागे ती नुसत्या मातीची कुंडी आहे ना, तिच्यातून.

सासरे : त्या कुंडीत काही नाहीये.

सून : आहे. चला, दाखवते. हात धरा, दारात बादली आहे.

सासरे : धुरकट दिसतं गं, आंधळा नाही झालो. काय आहे सांग.

सून : फूलच म्हणायचं. देठ नाही, पान नाही, थेट मातीतून वर आलंय. वांग्याच्या रंगाची जीभ बाहेर काढल्यासारखं. मधे काळी दांडी, भोवती माश्या.

सासरे : बायरम.

सून : कोण?

सासरे : अळूच्या कुळातलं, पण कोरड्या मुलखातलं. उन्हाळाभर गड्डा मातीखाली झोपतो, तेव्हा पाणी घालायचं नसतं. तीस वर्षं बागेत माळीकाम केलं, निवृत्त होताना साहेबांनी हा एक गड्डा दिला होता.

सून : मग असा मागे का टाकलात?

सासरे : मेला समजून. तुझ्या सासूने ऐन उन्हाळ्यात रोज पाणी घातलं. तिला वाटलं, बिचारं तहानलं असेल. गड्डा कुजला. मी म्हणालो, तुझा हात लागला की झाड मरतं.

सून : असं म्हणालात?

सासरे : म्हणालो.

सून : म्हणून आई म्हणायच्या, झाडांचं तूच बघ. मला वाटायचं, त्यांना आवडच नाही.

सासरे : खूप आवड होती. जाईपर्यंत कशाला हात लावला नाही तिनं.

सून : बसा इथे, स्टुलावर. कुजलं होतं तर हे आलं कुठून?

सासरे : गड्ड्याचं एखादं पिल्लू जगलं असेल, पावसाच्या शिंतोड्यांवर. पण पानं दिसायला हवी होती.

सून : थंडीत गवतासारखं काहीतरी यायचं. उपटीन म्हणत राहून गेलं.

सासरे : बरं झालं, आळशी आहेस.

सून : आळशी कशी? तुमचे चहाचे कप विसळण्यातच दिवस जातो माझा.

सासरे : मावशीला फोन लाव.

सून : आईंच्या बहिणीला? आत्ता?

सासरे : त्या दिवशी ती इथंच बसली होती. तिच्यादेखत बोललो होतो मी तुझ्या सासूला.

सून : लागतोय. काय सांगू?

सासरे : तू नको. माझ्याकडे दे.