अंडं चालत नाही

— जरा बघता का हो, मिशीला सॉस लागलाय का? डावीकडे? — गेला? आभारी आहे. तुमच्या पिशवीवर ठाण्याच्या साडीच्या दुकानाचं नाव दिसलं, म्हटलं इथं बंगाल्यांच्या खिदिरपुरात, लशीच्या दवाखान्यात मराठी माणूस, याला विचारायला हरकत नाही. मुलाला घेऊन आलात? जहाजावर लागतोय? वा, वा! — नाही, आमच्याकडे बायको चाललीय. शकुन. आत टोचून घेतेय. झांझिबारला, तीन महिने, मुलींना शिवण शिकवायला — फुकट! वर विमानाचं भाडं आपलंच. इथं आमच्या बेहाल्यात मुलींना शिवण येतं का सगळ्यांना? नाही येत. पण इथं समुद्र नाही ना!

कारण खरी मेख शनिवार-रविवारात आहे. सोमवार ते शुक्रवार शाळा, आणि दोन दिवस बेट पालथं घालायचं. आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असतो, वरण रोज झांझिबारवर सांडतं. मला काय त्याचं? मी लक्षसुद्धा देत नाही. शेजारी एक छोटं बेट आहे, तिथं मोठाली कासवं, होडीनं जायचं. मग लवंगांच्या बागा. आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं मागं हटतं, की बायका चालत आत जाऊन समुद्री शेवाळाची शेती करतात — पण भरतीची वेळ बघून जायला हवं, आणि ही काही बघायची नाही, ही त्यांच्याशी गप्पा मारत बसेल गुडघाभर पाण्यात. कुणीतरी घड्याळ बघणारं नको बरोबर? — पाठ कसलं, कानावर पडतं एवढंच.

मला म्हणाली की, 'तुम्हीही चला.' म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिनंच मोडीत काढलं — 'अरे हो, नैरोबीवरून जायचं म्हणजे ही पिवळ्या तापाची लस आली, ती कोंबडीच्या अंड्यात तयार करतात. तुम्हाला तर अंडं चालत नाही.' झालं! — अहो, चालतं. न चालायला काय झालंय? बँकेनं बदली करून इथं आणलं तेव्हा बालीगंजला राहायचो आम्ही. हिला दर शनिवारी संध्याकाळी गोलपार्कला एग रोल खायचा असायचा. रस्त्यावर, उभ्यानं, कागदात गुंडाळलेला! मी अधिकारी माणूस, समोरून खातेदार आला तर? म्हटलं, मला अंड्याची ॲलर्जी आहे, अंगावर गांधी उठतात. एकदाच म्हटलं हो! तर हिनं घरातून अंडं हद्दपार केलं. केक बिनअंड्याचा. कुणाकडे जेवायला गेलो की आधी स्वयंपाकघरात जाऊन विचारणार, 'ह्यांना चालत नाही, कशात घातलं नाही ना?' इतकं जपणाऱ्या बाईला सांगायचं कधी? सांगायचं राहिलं. मग शनिवारी ती मैत्रिणींबरोबर जायला लागली आणि मी घरी टीव्हीपुढे. बरं वाटायचं. शांत. — आता तीन महिने रोजच शांत.

म्हणून आज ही आत गेली, तसा मी फाटकाबाहेर. डबल एग रोल. उभ्यानं! काय चव असते हो — कुणी सांगितलं नाही मला! — हा हात बघा. गांधी आहे एखादी? मानेवर? नीट बघा, डॉक्टर विचारणार. हो, माझंही नाव दिलंय. तिकीट? तिकीट कसलं, आधी तिनं परत 'चला' म्हणायला हवं. न बोलावता मागं लागलेला नवरा, शोभतं का ते? — आणि नाहीच म्हणाली, तर लस जन्मभर पुरते म्हणतात. वाया तर जात नाही.

— पुकारलं का? 'श्रीकांतो बर्वे' — मीच तो, बंगाली लोक असंच म्हणतात. आणि ही बघा, नेमकी आत्ता बाहेर आली! — अगं, काही नाही, तू बस, टोचल्यावर अर्धा तास बसायचं असतं. — वास? कसला वास? रस्त्यावरून येत असेल. — हसतेस काय? — उजवीकडेही आहे? अहो, तुम्ही तर म्हणालात गेला! — काय म्हणालीस, शकुन? होडीत कडेला तू आणि मधे मी? — बरं बाई, मधे तर मधे. घड्याळ मात्र माझ्याकडे.

— तुम्ही काय बघताय? पेपर वाचा ना तुमचा!