आबांचा विलायती साईड ड्रम

नाय, मला एक सांगा, माणसानं सरळ एक प्रश्न विचारला तर त्याचं सरळ एक उत्तर यायला पाहिजे का नको? ड्रम खरा का नकली... एवढंच विचारलं होतं मी! अन् त्याच्यावरनं आमच्या घरात जे चाललंय ना, तुम्हाला सांगतो, दुश्मनाच्या घरात नको!

आमचे आबा, पुंजाराम, पिशोरच्या बँड पार्टीत साईड ड्रम वाजवायचे. गळ्यात पट्टा, कमरेवर ड्रम, हातात दोन काड्या, अन् खालच्या तारांचा तो आवाज... तर्रर्रर्र! नवरदेवाचं घोडं बुजायचं, इतका कडक! आबा गेले, ड्रम माळ्यावर गेला. त्याच्यावर इंग्रजी नावाचा एक बिल्ला होता. आबा म्हणायचे, "विलायती हाय, गोऱ्या पलटणीतला. हात लावायचा नाय!"

मागच्या महिन्यात आमच्या तनुजानं, माझ्या पोरीनं, तो बिल्ला मोबाईलवर शोधला अन् ओरडलीच, "पप्पा! हा खरा असला तर लाखांत जातो!" लाखांत! मी जागच्या जागी गच्चीवर एक खोली बांधली. मनातल्या मनात. फरशीसकट!

पहिले शहागंजात वाद्यं दुरुस्त करणारे एक चाचा हायत, त्यांच्याकडं नेला. चाचांनी टिचकी मारली, कान लावला, डोळे मिटले... मी म्हणलं, "चाचा, असली है क्या?" तर म्हणतात, "पीतल तो असली है साब, बाकी मेरे कू क्या मालूम!"

मग तनुजानं पुण्याचे जाणकार शोधले, मधुसूदनराव. जुनी वाद्यं पारखतात, पटली तर विकत घेतात. ते येणार म्हणल्यावर आमच्या आईनं, आशाबाईनं, वय ब्याऐंशी, काय करावं? चिंच-मीठ घेऊन अख्खा ड्रम घासून काढला! सोन्यासारखा लखलख! मधुसूदनराव दारातच गार... एक बूट पायात, एक हातात! "अहो, शंभर वर्षांचा रंग होता हो तो!"

आई म्हणती, "व्हय ना! लई चिवट होता, दोन तास गेले माझे!"

बसले बिचारे. भिंग काढलं, बॅटरी काढली, मोजपट्टी काढली. "कड्या... अस्सल! स्क्रू... अस्सल! बिल्ला तर अगदीच अस्सल!" मी गच्चीवरच्या खोलीला खिडकी पाडली. "फक्त मधलं पितळ जरा जाड वाटतंय. आत कंपनीचा नंबर असतो. वरचं कातडं काढू का?" म्हणलं, काढा की! ड्रम खरा का नकली, एवढंच तर विचारतोय!

कातडं निघालं. मधुसूदनरावांनी डोकं आत घातलं अन् आतून घुमत आवाज आला, "काहीतरी कोरलंय... ठिपक्याठिपक्यांनी..."

"नंबर?"

"नाही हो... मराठी आहे! चि. सौ. कां. आशा हिस... मामाकडून... सप्रेम भेट."

अन् आई ताडकन उठली, गुडघे बिडघे विसरून... "माझा हंडा!"

आता हंड्याचं ऐका. आईच्या लग्नात तिच्या मामानं दिलेला पितळी हंडा दुसऱ्याच वर्षी घरातून गायब झाला. संशय कुणावर? नणंदेवर! आमची कौसाआत्या, सोयगावला दिलेली. ती माहेरी येऊन गेली अन् हंडा दिसंना! तेव्हापासून साठ वर्षं दोघींचं बोलणं बंद. माझ्या लग्नात आई मांडवाच्या ह्या टोकाला, आत्या त्या टोकाला, दोघींकडनं अक्षता अशा यायच्या की वाटायचं, मलाच मारत्यात का काय!

आई म्हणाली, "फोन लाव." लावला. स्पीकरवर. "कौसाबाई... मी आशा. हंडा सापडला."

तिकडून आत्याचा बारीक आवाज, "वहिनी... ढोलकं उघडलं व्हय?"

म्हणजे तिला ठाऊक होतं! मग तिनंच सांगितलं, एका वरातीत बैलगाडीचं चाक ड्रमवरनं गेलं, मधलं पितळ फाटलं. ड्रम बँडमालकाचा. त्याला कळतं तर आबांचं वाजवणं कायमचं सुटतं. आबांनी काय केलं, आईचा हंडा कापून कासाराकडून त्या फाटक्या पितळाच्या जागी बसवला, वर तोच जुना बिल्ला! पुढं बँड मोडला तेव्हा मालकानं तोच ड्रम आबांना बक्षीस दिला.

"दादानं शपथ घातली होती," आत्या म्हणाली. "म्हणला, आशाला कळलं तर ती मला काडी धरू द्यायची नाय. म्हणलं, येऊ द्या आळ माझ्यावर."

आई खालीच बसली. ड्रमवर हात ठेवून. "अवो कौसाबाई, एकदा तरी बोलायचं..."

"तुम्ही ऐकून कुठं घेत होता, वहिनी?"

हिकडं आई रडती, तिकडं आत्या रडती, मधुसूदनराव चष्मा पुसत्यात. मीही बाहीनं डोळे पुसले, खोटं कशाला बोलू? पण कुणीतरी विचारायला पाहिजे का नको? म्हणलं, "मधुसूदनराव, मग... ड्रम खरा का नकली?"

"साहेबराव, कड्या खऱ्या, बिल्ला खरा, मधे हंडा! अशी वस्तू जगात दुसरी नसेल. अनमोल आहे, अनमोल!"

"मग घेता?"

"छे छे! अनमोल वस्तूची मी काय किंमत करणार?" अन् चहा पिऊन गेले पुण्याला!

बरं, दोघी बोलायला लागल्या, मिटलं म्हणाल... कुठलं! दुसऱ्याच दिवशी आत्याचा फोन. "हंडा तुमचा असंल वहिनी, पण आवाज माझ्या दादाचा हाय. ढोलकं सोयगावला धाडा." आई म्हणती, "पितळ माझं! नाय धाडायची!" आठवडाभर भांडल्या, साठ वर्षांचा बॅकलॉग काढला, अन् शेवटी दोघींनीच ठरवलं, एक महिना इथं, एक महिना सोयगावला. न्यायचा कुणी? साहेबराव! आणायचा कुणी? साहेबराव! म्हणजे बघा... पितळ आईचं, आवाज आत्याचा, अन् पेट्रोल माझं!