ढोल उतरवला, तरी लोक जाऊन नाई राह्यले

आता सुरुवातीपासून सांगा म्हणता, तर सुरुवात राजुऱ्यातच आहे भाऊ, याच दुकानात, तुमी बसले तिथंच माहे अब्बा बसत अन् त्यायच्या मांडीजवळ बसून मी ढोलाच्या दोरीतली पहिली कडी ओढली. माहं नाव नसीर, पण गावात नसीर कुठी राह्यते म्हणून इचाराल तर कोनी नाई सांगणार, ढोलवाले चाचा म्हणा, पोस्टमन बी तेच म्हणते. आमचं काम ढोल-ढोलकी मढवाचं. लाकूड बिजाच्या झाडाचं, चामडं बकऱ्याचं, दोरी सुताची, अन् बाकी सारं कानाचं काम. भजनवाल्याईची ढोलकी आमच्याकडं, दंडारीचा खेळ करणाऱ्याईचा ढोल आमच्याकडं, मोहरमचा ताशा आमच्याकडं, अन् दिवाळीच्या आधी जिवतीच्या पहाडावरून गोंड लोक खांद्यावर ढोल घेऊन उतरत, ते तर दोन-दोन दिवस इथंच मुक्काम करत, अब्बा त्यायच्याशी गोंडीत गप्पा मारत, मले काई समजत नव्हतं पण मी बी त्यायच्यासंगं हासत राहो.

अब्बाचा एकच कायदा होता. वाजवणं संपलं का पहिले कड्या उतरवाच्या, ढोल सैल कराचा, मंग पाणी प्याचं. चामडं बी थकते म्हणत, त्याले ताणून ठेवलं तर ते कोणाले सांगन. मी दहा-अकरा वर्षाचा असन, एकदा उतरवाचं विसरलो अन् खेळाले पळालो, सकाळी पाह्यतो तर पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, मधून उकललेली. अब्बाईनं मले हात नाई लावला, पण त्या दिवशी त्यायनं स्वतः जेवण नाई केलं. तेव्हापासून भाऊ, माहे हात आपले आपणच जातात कड्याईवर. तुमी बोलत राहा, मी बोलत राहीन, हात उतरवून मोकळे.

मंग काय झालं, प्लास्टिकच्या पुड्या आल्या, नटबोल्ट फिरवला का झाला सूर, अन् वरातीत डीजे आला. आमची सलमा, म्हणजे माही घरची, बाजूच्या टपरीत बांगड्या विकते, तिच्याकडं बायाईची गर्दी अन् माह्याकडं माशा. ती काई वाईट नाई बोलत, पण खरं बोलते. म्हणे अजी, त्या मोबाइलवाल्या पोट्ट्याले दुकान पाह्यजे, देऊन टाका भाड्यानं, तुमी माह्याजवळ बसा, बांगड्या भरून द्या बायाईले. मी म्हटलं मी अन् बांगड्या. म्हणे काऊन, हात तर तुमचे नरमच आहेत. काय सांगू तुमाले, नरम म्हणते, माह्या बोटाले पाहा, दोरी ओढून ओढून रेघाच मिटल्या.

तशात प्रांजली आली. कोरपन्याची पोट्टी, बापाची कापसाची शेती, चंद्रपूरले शिकाले होती अन् पाठीवर गिटार. तिच्या आजोबाचा दंडारीतला ढोल होता, एक बाजू उंदरानं खाल्लेली, तो घेऊन आली. मी मढवला, अन् मढवल्यावर वाजवून पाहाव लागते ना, तर वाजवत होतो, पाह्यतो तर पोट्टीनं मोबाइल समोर धरला. म्हटलं काय करून राह्यली बाई. म्हणे चाचा, थांबू नका. दोन महिन्यानं तिच्या बँडमधले आणखी दोन पोट्टे घेऊन आली अन् मले गाणं ऐकवलं, त्यात गिटार, त्यात तिचा आवाज, अन् खालून माहा ढोल चालून राह्यला. मले काई समजलं नाई. ना भजन ना कव्वाली. म्हटलं हे काय आहे. म्हणे चाचा, हे रॉक, पण कोण्या कंपनीचं नाई, आपलंच लिहाचं, आपलंच वाजवाचं. म्हटलं मंग आमी बी तेच करून राह्यलो तीन पिढ्या.

असं करत करत त्यायचा नवा अल्बम निंघाला, 'पांदण' नाव त्याचं, म्हणजे शेतातली गाडीवाट, अन् पांदणीचं जे मेन गाणं ते माह्या एकट्याच्या ढोलानं सुरू होते, पोट्टी मागून गाते. नागपुरात रेकॉर्डिंग केलं, काचेच्या खोलीत बसवलं मले, दोन्ही कानाले झाकणं लावा म्हणे, मी एकच लावलं, दुसऱ्या कानानं मले ढोल ऐकाचा होता. तो अल्बम तिकडं बाहेरच्या देशातल्या लोकाईनं ऐकला अन् बलावणं आलं, जर्मनी, हॉलंड, डेन्मार्क, महिनाभराचा दौरा. प्रांजली म्हणे चाचा, तुमाले यावच लागते. आता व्हिसाच्या हापिसात बोटाचे ठसे घेतात, तर मशीन माहं बोटच नाई पकडे. तिथली पोरगी म्हणे काका, जोरात दाबा. दाबलं. म्हणे पुसून दाबा. पुसलं. शेवटी तिनं साहेबाले बलावलं, साहेब म्हणे तुमी काय काम करता. म्हटलं ढोल. तो हासला अन् कसंबसं अंगठ्यावर काम भागवलं.

सलमानं जवसाची चटणी बांधून देली, सोबत सौदा बी बांधला. म्हणे फिरून या, पाहून या, पण आले का दुकान खाली. मले बी वाटलं का बरोबरच आहे, शेवटचं एकदा वाजवून घेऊ, मंग बांगड्या तर बांगड्या. मी हाव म्हटलं.

जर्मनीत उतरलो अन् भाऊ, ढोल रुसला. तिथली हवा थंड अन् ओली, सारखं झिमझिम पाणी, चामड्याले तर ओल समजते. कड्या ओढून चढवला का घंट्याभरात सूर खाली. पहिले तीन कार्यक्रम आमचे नव्हते म्हणा, मोठा दुसरा बँड होता, त्याच्या आधी आमी अर्धा घंटा वाजवाचं अन् उतराचं. तिन्ही ठिकाणी माहा ढोल मधातच बसला, भद् भद् आवाज, जशी गादी झोडपून राह्यलो. दौरा पाहणारी एक बाई होती, क्लारा, तिकडचीच, उंचीपुरी, कामाले पक्की, हातात घड्याळ. तिनं प्रांजलीले बाजूले नेलं. इंग्लिश मले येत नाई, पण आपल्याबद्दल बोलून राह्यले हे समजाले इंग्लिश लागते का. प्रांजली आली, तोंड उतरलेलं. म्हणे चाचा, ती म्हणते तुमचा ढोल लॅपटॉपमधी रेकॉर्ड आहे, बटन दाबलं का वाजते, रोज सारखाच वाजते, अन् चाचाले घरी जाचं असन तर तिकीट बदलून देते. मी म्हटलं, मंग. म्हणे परवाचा कार्यक्रम आपला एकट्याचा आहे, कोलोनले, तेवढा तरी होऊ द्या, मी तिच्याकडून तेवढंच कबूल करून घेतलं.

कोलोनच्या दिवशी मी जेवलो नाई भाऊ. ढोल मांडीवर घेऊन बसलो अन् प्रांजलीचं केस वाळवाचं मशीन घेतलं, गरम हवा देऊन देऊन चामडं असं तयार केलं, असं केलं का टिचकी मारली तरी बोले. कार्यक्रम झाला, काय झाला म्हणून सांगू, ढोल एका जागी बी नाई बसला, लोक नाचून राह्यले, बाया नाचून राह्यल्या, एक म्हातारी माह्यापेक्षा मोठी, ते बी. पण माहं ध्यान दुसरीकडंच. गाण्यामागून गाणं गेलं अन् पांदणीचं गाणं आलंच नाई. समोर गाण्याईच्या यादीचा कागद चिकटवलेला, इंग्लिशमधी, मले काय वाचता येते. मले वाटलं, काढलं. माहं गाणं काढलं, अन् मले वाईट नाई वाटाव म्हणून कोनी सांगितलं नाई. सगळ्याईनं हात जोडले, झुकले, आत गेले, मी बी गेलो. पडद्यामागं खाली बसलो, कड्या उतरवल्या, साऱ्याच्या साऱ्या, दोरी पार लोंबली, घरी न्याच्या हिशेबानंच उतरवला. मंग पाणी पेलो. डोळे भरले होते, खोटं कायले बोलू.

बाहेर लोक टाळ्या वाजवून राह्यले, पाय आपटून राह्यले, मले वाटलं वा, चांगले लोक आहेत, निरोप देऊन राह्यले. तर प्रांजली धावत आली, चाचा चला. कुठी. म्हणे पांदण वाजवाचं आहे. तिकडं तसंच असते म्हणे, बँड आत जाते, लोक बलावतात, मंग परत येऊन सगळ्यात चांगलं गाणं वाजवतात, म्हणून आमी ते शेवटी ठेवलं होतं. अन् मंग तिचं ध्यान ढोलाकडं गेलं. चाचा, हे काय केलं. म्हटलं बाई, कार्यक्रम संपला तर उतरवला. आमच्या दंडारीत लोकाईले आणखी पाह्यजे असन तर ते उठतच नाईत, कलाकार जागचा हालतच नाई, हे आत जाणं अन् परत येणं मले कोण सांगणार. क्लारा आली, पाह्यलं, घड्याळ पाह्यलं, लॅपटॉपकडं बोट केलं. ढोल चढवाले किती वेळ, प्रांजलीनं इचारलं. म्हटलं दहा-पंधरा मिनिटं. पोट्टीनं त्या लॅपटॉपकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् ते झाकण खाली केलं. म्हणे चाचा, तिथंच बसा, लोकाईसमोर चढवा, मी बसते तुमच्याजवळ.

मी गेलो. फरशीवर फतकल मारून बसलो, ढोल पायात धरला अन् घेतली पहिली कडी. माह्यासमोर माईक चालूच होता, मले ध्यान नाई. मले सवय आहे ढोलाशी बोलाची, दुकानात एकटाच असतो ना, तर मी बोलून राह्यलो, चल बेटा, ऊठ, थकला मले मालूम आहे, एकच गाणं, मंग झोप. अन् प्रांजली ते सारं लोकाईले इंग्लिशमधी सांगून राह्यली! लोक आधी हासले. मंग माना लांब करून पाहाले लागले. कडी ओढली, काठावर हातोडीचे दोन ठोके, कान लावला, नाई आला सूर, पुढची कडी. थोड्या वेळानं माह्या ठोक्यासंगं कोनी पाय वाजवला, मंग दहा जणाईनं, मंग साऱ्या हॉलनं, ठक ठक, मी थांबलो का ते थांबत. मी मुद्दाम थांबून पाह्यलं, मले बी मजा आली. शेवटची कडी बसली अन् ढोल बोलला, अन् त्याच सुरावर पोट्टीनं गिटार लावला, अन् भाऊ, तसा ढोल मी जिंदगीत नाई वाजवला.

क्लारानं माफी-गिफी नाई मांगली. तो यादीचा कागद घेतला अन् सगळ्यात खाली पेननं लिहिलं. प्रांजलीनं वाचून दाखवलं, चाचा ढोल चढवतील, बारा मिनिटं. म्हटलं बाई, ते तर चूक झाली होती. क्लारा म्हणे, मंग रोज करा. अन् रोज केली, हॉलंडात केली, डेन्मार्कात केली, त्यायनं मले खाली टाकाले गालिचा बी देला.

घरी आलो तर सौदा होता, आठवते ना. मी सलमाले म्हटलं मोबाइलवाल्याले बलाव. म्हणे कायले. म्हटलं दुकान. म्हणे प्रांजलीनं तो व्हिडिओ धाडला, मी मोहल्ल्यातल्या साऱ्या बायाईले दाखवला, आता तुमाले बांगड्याच्या टपरीत बसवलं तर त्या मले फाडून खातीन. अन् इथं पाह्यलं तर तिनं दुकानाले चुना मारलेला, अन् तुमी बसले तो हा बाक मांडलेला. म्हणे गोऱ्या लोकाईनं उभ्यानं पाह्यलं, आपल्या लोकाईले बसाले पाह्यजे. अन् पहिल्या दिवशी कोण बसलं सांगू, तीच बसली. मी एका भजनवाल्याची ढोलकी चढवली, पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत ती माह्या हाताकडं पाह्यत बसली. मंग म्हणे, तीस वर्षं झाली, टपरीतून ठोके ऐकून राह्यली, पण बसून कधी पाह्यलंच नाई वो. अन् पदरानं डोळे पुसले तिनं, अन् मी बी हातोडी खाली ठेवली.

काम काई लय वाढलं नाई भाऊ, खोटं नाई सांगत, पण थोडं वाढलं, अन् दुकान आहे. पोट्टी नवीन गाणे लिहून राह्यली, अल्ला तिच्या गळ्याले बरकत देवो अन् त्या क्लाराले बी सुखी ठेवो. आता जरा सरकून बसा, चहा घेऊन सलमा येऊन राह्यली, अन् आज गोंडाचा मोठा ढोल चढवाचा आहे, ती बाकावर बसल्याशिवाय मी सुरू नाई करत.